म्हाताऱ्या माणसाचे बेडसोर: पावडरचा डबा आणण्याआधी पोटात किती जातं ते मोजा

खुब्याचं हाड मोडलं, लकवा मारला किंवा नुसतीच अशक्ती आली, की घरचं म्हातारं माणूस खाटेला लागतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून, सेवाग्रामहून किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ असते: हाय प्रोटीन डाएट. गावात आल्यावर त्या ओळीचा अर्थ औषधाच्या दुकानातला माणूस सांगतो, आणि तो अर्थ बहुतेक वेळा एका डब्यात मावणारा असतो. घरचे उधारउसनवार करून डबा आणतात, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे दुधात घालून पाजतात, आणि माकडहाडावरची जखम महिनाभरानंतरही तेवढीच असते.

डबा वाईट असतो असं नाही. पण माणसाला रोज किती प्रथिनं लागतात, ताटातून किती जातात आणि तूट किती उरते, हे कोणी मोजलेलंच नसतं. जखम भरायची म्हणजे शरीराला नवं मांस आणि नवी कातडी तयार करायची असते, आणि त्याला लागणारा माल प्रथिनांमधून येतो. पोटातून आला नाही तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. भरीला जखमेतून जे पाणी झिरपतं त्यातूनही प्रथिनं वाहून जातात. म्हणून हा लेख डब्यापासून सुरू न करता मोजण्यापासून सुरू करतो.

त्याआधी भार काढा

यावर थोडक्यातच लिहितो, पण हे केलं नाही तर खालचं सगळं वाया. बेडसोर होतो तो हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दबून तिथला रक्तपुरवठा तुटल्यामुळे. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, या त्याच्या ठरलेल्या जागा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची; पूर्ण कुशीवर न टाकता पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवायचं. पोटरीखाली उशी देऊन टाचा अंथरुणापासून अधांतरी ठेवायच्या. कपड्याची चुंबळ किंवा ट्यूबची रिंग जखमेखाली देऊ नका, कारण तिच्या कडेने भोवतालचं रक्त अडतं. लाल झालेल्या जागी तेल चोळू नका. हवेची गादी मिळाली तर उत्तम, पण ती आली म्हणून कूस बदलणं बंद होत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मेणकापडावर घामाने पाठ ओली राहते. त्यावर सुती चादर टाका आणि ओली झाली की लगेच बदला.

जखमेत हळद, राख, टाल्कम पावडर, स्पिरिट यातलं काहीही घालायचं नाही. दुकानात सलाईनची बाटली मिळते, तिने धुवायचं आणि ड्रेसिंग आशाताई, उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडून शिकून घ्यायचं.

जखम कोणत्या पायरीवर आहे

पहिल्या पायरीत कातडी शाबूत असते, पण लाल किंवा काळपट डाग बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालपेक्षा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहायचं. दुसरीत वरची कातडी जाते किंवा फोड येतो. तिसरीत कातडीखालची चरबी दिसते. चौथीत स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) किंवा हाड. वर काळी खपली असेल तर खाली किती खोल आहे ते वरून कळत नाही. ती घरी ओढून काढू नका.

दुसऱ्या पायरीपासून पुढे आणि माणूस हडकलेला असेल, तर वरचं पोषण लागतं. बेडसोरबाबत युरोप, अमेरिका आणि आशिया-पॅसिफिकमधल्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून २०१९ साली मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार कुपोषित किंवा कुपोषणाच्या काठावर असलेल्या बेडसोरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज ३० ते ३५ किलोकॅलरी आणि १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यावीत. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर आहे.

वजन कसं काढायचं

उभं राहता येत नाही म्हणून वजन केलं नाही, असं सगळीकडे ऐकू येतं. घरातल्या दणकट माणसाने आजीला उचलून धान्याच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. पाठीला जखम असेल तर उचलताना ती जागा घासली जाऊ नये. तेही जमत नसेल तर शिंप्याचा टेप घ्या आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झिजले आहेत असं समजायचं. पायावर सूज असेल तर हे माप फसवं असतं.

शिवाय आठवून पाहा: बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, कवळी ढिली झाली का, लुगडं कितीदा गुंडाळावं लागतं? तीन महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा गेला असेल, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर ते वयामुळे झालं असं म्हणून सोडून देऊ नका.

दवाखान्यात कोणी रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचा आकडा दाखवून ‘प्रथिनं कमी आहेत’ म्हणालं, तर एवढं लक्षात ठेवा की अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली तरी अल्ब्युमिन खाली येतं. खाण्याचं मोजमाप म्हणून तो आकडा भरवशाचा नाही. वजन आणि ताट जास्त खरं सांगतात.

एक दिवस वहीत लिहून काढा

आजीचं वजन ४५ किलो धरू. तिला रोज साधारण १३५० ते १५७५ किलोकॅलरी आणि ५६ ते ६८ ग्रॅम प्रथिनं लागतील. मधला आकडा म्हणून ६० ग्रॅम डोक्यात ठेवा.

आता ती खाते काय? ‘काही खातच नाही बाई, दोन घास खाल्ले का हात झटकते,’ एवढ्यावर थांबायचं नाही. पोरांच्या वहीचं एक पान घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत जे खरंच पोटात गेलं ते लिहायचं. ताटात वाढलेलं मोजायचं नाही. बहुतेक घरांत ते पान असं भरतं: दोनदा चहा, त्यातल्या दुधाचे मिळून ३ ग्रॅम, दोन बिस्किटं, १ ग्रॅम, दुपारी अर्धी ज्वारीची भाकर, ३ ग्रॅम, आणि पातळ वरणाची वाटी, २ ग्रॅम, रात्री अर्धी वाटी खिचडी, ३ ग्रॅम, झोपताना अर्धा कप दूध, ३ ग्रॅम. झाले १५. तूट ४५ ग्रॅमची.

रुग्णांसाठीच्या प्रथिन पावडरी बाजारात साधारण ३० ते ४५ टक्के प्रथिनांच्या मिळतात. ४० टक्क्यांची पावडर रोज ३० ग्रॅम दिली तर त्यातून १२ ग्रॅम मिळाले. म्हणजे पैसे खर्चूनही ३३ ग्रॅमची तूट तशीच, आणि २०० ग्रॅमचा डबा सातव्या दिवशी संपला. जखम का भरत नाही याचं उत्तर त्या पानावर असतं.

आधी ताट घट्ट करा

आपल्याकडे आजाऱ्याला हलकं द्यायचं म्हणून डाळीचं वरचं पाणी, तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर देतात. यात पाणी आणि पीठच जास्त, प्रथिनं नावाला. ताटातली पहिली दुरुस्ती हीच: वरण चमच्यावर राहील इतकं घट्ट. मूठभर कच्ची तुरीची किंवा मुगाची डाळ म्हणजे ३० ते ४० ग्रॅम, त्यात ७ ते ९ ग्रॅम प्रथिनं. तेवढी डाळ एकट्या आजीच्या वाट्याची शिजवायची आणि घोटून वर चमचाभर तूप किंवा जवसाचं तेल घालायचं.

अंडं हा सगळ्यात सरळ उपाय. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, दात नसले तरी भुर्जी गिळता येते, आणि कवच शाबूत असलेल्या अंड्यात भेसळ होत नाही. दोन अंड्यांचे १२ ग्रॅम, म्हणजे वरच्या पावडरीइतकेच. नीट शिजवून द्या, कच्चं दुधात फेटून पाजू नका. भंडारा-गोंदियाकडे तलावाची मासोळी मिळते. काटे काढून कुस्करलेले ५० ग्रॅम म्हणजे ९-१० ग्रॅम. कोंबडीचं नुसतं सूप मात्र चवीला. प्रथिनं बोटीत, म्हणजे मांसाच्या तुकड्यात राहतात, ती चेचून किंवा मिक्सरमधून काढून सुपातच मिसळायची.

माळकरी आणि महानुभाव घरांत अंडं-मासोळी येणार नाही, आणि आयुष्यभर माळ घातलेल्या माणसाला चोरून अंडं खाऊ घालणं मला पटत नाही. तिथे दूध, दही, पनीर, डाळी आणि सोयाबीन यांवर भर द्या. गंमत म्हणजे विदर्भाच्या निम्म्या शिवारात सोयाबीन पिकतं आणि घरात कोणी खात नाही. दुकानातल्या सोयाबीन वड्यांत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. वीस ग्रॅम वड्या उकळून, पिळून, बारीक वाटून खिचडीत किंवा झुणक्यात घातल्या तर १० ग्रॅम मिळाले. शेतातलं सोयाबीन वापरायचं तर कच्चं दळू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. भिजवून, वीसेक मिनिटं उकळून, वाळवून, भाजून मग दळायचं आणि किलोभर पिठात १०० ग्रॅम मिसळायचं.

पूर्वेकडच्या धानपट्ट्यात लाखोळीची डाळ स्वस्त असते आणि प्रथिनंही भरपूर. तरी आजाऱ्याची रोजची डाळ म्हणून ती वापरू नका. तिच्यातल्या विषारी घटकामुळे, ती सतत आणि जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात. आधीच खाटेवर असलेल्या माणसाला तो धोका कशाला?

दही चालतं का, आंबट चालतं का, वांगं आणि तूर डाळ खाल्ली की जखम चिघळते का, हे प्रश्न हमखास येतात. यातल्या कशानेही पू होत नाही. पू जंतूंमुळे होतो. आजीच्या मनात भीती पक्की असेल तर वाद घालत बसू नका, मुगाची डाळ द्या आणि दह्याऐवजी दूध. मात्र या भीतीपायी डाळही बंद, दहीही बंद, अंडंही ‘गरम’ म्हणून बंद, असं झालं की ताटात भातच उरतो.

उपासांचंही तसंच. एकादशी, सोमवार सोडायला सांगितलं तर बरीच म्हातारी माणसं दुखावतात. त्या दिवशी साबुदाण्याऐवजी दूध, दही, फल्लीदाण्याचा कूट, राजगिरा, पनीर अशी मांडणी केली तर उपासही होतो आणि तूटही फार पडत नाही.

घरचं पूरक पेय

ताट घट्ट केल्यावर जी तूट उरते ती दोन जेवणांच्या मधल्या पेयाने भरा. एका वेळचं प्रमाण असं:

दूध २०० मिली. साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास. फुटाण्याचं बारीक चाळलेलं पीठ २० ग्रॅम. गूळ १० ग्रॅम. तेल किंवा तूप एक लहान चमचा.

आधी पीठ आणि दुधाची पावडर थोड्या थंड दुधात गुठळ्या मोडून कालवा, मग उरलेलं दूध गरम करून त्यात ओता आणि दोन उकळ्या आणा. शेवटी तूप. गूळ खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटतं. या एका पेल्यात १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि साधारण ३४० किलोकॅलरी येतात. दिवसातून दोनदा दिलं की ३० ग्रॅम.

दुधाची पावडर घेताना पाकीट उलटून पाहा. साय काढलेल्या पावडरीत १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं असतात. चहासाठीच्या डेअरी व्हाइटनरमध्ये ती बरीच कमी, आणि अनेकदा वरून साखर घातलेली. मधुमेह असेल तर गूळ वगळा. दुधाने पोट फुगत असेल किंवा जुलाब लागत असतील तर हेच पेय दह्यात करा: दह्यात फुटाण्याचं पीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून, पातळसर मठ्ठ्यासारखं. उन्हाळ्यात बऱ्याच जणांना हेच जास्त आवडतं.

पूर्ण दिवस मांडला तर: सकाळी सातला पेय, १५. साडेनऊला दोन अंडी किंवा पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं, १२. दुपारी घट्ट वरण, मऊ कुस्करलेली भाकर आणि वाटीभर दही, १६. चारला पुन्हा पेय, १५. रात्री डाळ जास्त घातलेली खिचडी आणि अर्धा कप दूध, १३. एकूण ७१. यातलं दहा-बारा ग्रॅम ताटात उरणारच, तरी ६० गाठले जातात. डबा अजून विकत घेतलेलाच नाही.

मग डबा कधी

एका वेळी चार-पाच घासांच्या वर खाणं होत नसेल, दूध-डाळ घरात नियमित येत नसेल, किंवा दिवसभर घरी रांधायला कोणी नसेल तेव्हा. रोवणी, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी या दिवसांत घर सकाळी आठला रिकामं होतं आणि संध्याकाळी पाचला भरतं. त्या मधल्या नऊ तासांत आजीला काय मिळतं, हा प्रश्न पावडरीच्या कंपनीपेक्षा मोठा आहे. अशा वेळी शेजारची सून किंवा शाळेतून आलेलं पोर पाण्यात घोळून देऊ शकेल अशी पावडर खरोखर कामाची. त्यांनाच त्या वेळी कूसही बदलायला शिकवा.

घेताना झाकणाजवळचं चित्र पाहू नका, मागचा तक्ता पाहा. तीन गोष्टी शोधा: १०० ग्रॅममागे प्रथिनं किती, साखर किती, आणि प्रथिनं कशातून. मुलांसाठीच्या माल्टच्या चॉकलेटी पावडरीत प्रथिनं सहसा १० टक्क्यांच्या आसपास असतात, बाकी बहुतेक साखर आणि धान्य. त्या या कामाच्या नाहीत. ‘संपूर्ण पोषण’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीत प्रथिनं साधारण १५ ते २० टक्के आणि कॅलरी चांगल्या असतात. ज्याचं जेवणच सुटलंय त्याला त्या योग्य. जेवण बरं आहे पण प्रथिनं कमी पडतात, त्याला जास्त प्रथिनांची पावडर. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे दुधाच्या निवळीपासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरीत, ७० ते ८० टक्के असतात, म्हणून किमतीची तुलना करताना डब्याची किंमत न पाहता एका ग्रॅम प्रथिनाला किती रुपये पडले ते काढा. नुसत्या कोलॅजनच्या पावडरीवर विसंबू नका. तिच्यात ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल नसतं.

आर्जिनिन, झिंक आणि क जीवनसत्त्व

‘जखम भरण्याची खास पुडी’ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, सोबत झिंक आणि अँटिऑक्सिडंट. याला काहीच आधार नाही असं नाही. इटलीत २०० कुपोषित रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कॅलरी आणि प्रथिनं सारखीच दिली, एका गटाला त्यात हे तीन घटक जास्तीचे. आठ आठवड्यांनी त्या गटाच्या जखमेचं क्षेत्र सरासरी ६१ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटाचं ४५ टक्क्यांनी. माझ्या मते यातला ४५ चा आकडाच गरीब घराने आधी वाचावा: खास घटक नसतानाही, पुरेसं अन्न आणि नीट काळजी यांवर जखमा निम्म्याच्या जवळ आल्या. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात (वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) तर सगळे अभ्यास एकत्र पाहूनही पूरक आहाराबद्दल ठाम निष्कर्ष निघाला नव्हता. तेव्हा परवडत असेल, जखम दुसऱ्या पायरीची किंवा पुढची असेल, माणूस हडकलेला असेल आणि रोजचे ६० ग्रॅम आधीच जात असतील, तर आठ आठवडे ही पुडी देऊन पाहायला हरकत नाही. ६० ग्रॅम जात नसताना आणलेली पुडी चुकीच्या क्रमाने आणलेली असते. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा रक्तात संसर्ग पसरलेल्या रुग्णाला आर्जिनिन देऊ नका.

झिंकची गोळी लोक महिनोन् महिने चालू ठेवतात. रोजची गरज १३ ते १७ मिलिग्रॅम आणि वरची मर्यादा ४० मानली जाते. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेटच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम झिंक असतं. ती जास्त दिवस घेतली तर शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं, मळमळ सुरू होते आणि असलेली भूकही जाते. कमतरता वाटत असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेले काही आठवडे, पुढे नाही. लोहाची गोळी आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन यांसारख्या प्रतिजैविकांबरोबर एकाच वेळी झिंक देऊ नका. लोहाच्या गोळीपासून दोन-तीन तास अंतर ठेवा, आणि प्रतिजैविक झिंकच्या निदान दोन तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर द्या.

क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन बनत नाही हे खरं, पण म्हणून जास्त गोळ्यांनी जास्त लवकर बनतं असं नाही. नेदरलँड्समध्ये १९९५ साली बेडसोरच्या रुग्णांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन पाहिलं. अगदी कमी मात्रा घेणाऱ्यांपेक्षा जखमा लवकर भरल्या नाहीत. कमतरता होऊ नये एवढं पाहायचं. हंगामात एक संत्रा, एरवी आवळा, पिकलेला जाम (पेरू) किंवा वरणावर लिंबू. आंबाडीची भाजी आवडत असेल तर घट्ट डाळीत घालून द्या.

लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय नकोत. घरात सिकलसेल असेल तर मुळीच परस्पर सुरू करू नका. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्या वयस्कांमध्ये बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, ते मात्र तपासून घ्या.

इथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचा प्रथिनांचा आकडा तसाच लावायचा नाही. डायलिसिस नसलेल्याला प्रथिनं एरवी कमी देतात, डायलिसिसवर असलेल्याला जास्त लागतात, आणि जखम असताना मधला मार्ग डॉक्टरच काढू शकतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर पाण्यालाही मर्यादा असते. नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास पातळ पदार्थ गेले पाहिजेत, उन्हाळ्यात त्याहून थोडे जास्त. मधुमेहात प्रथिनं कमी करायची नसतात, पण साखर सारखी २०० च्या वर राहिली तर खाऊ घातलेलं जखमेच्या कामी येत नाही.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार अचानक घसरतात आणि जीवावर बेतू शकतं. अशा वेळी निम्म्या प्रमाणाने सुरुवात आणि चार-पाच दिवसांत हळूहळू वाढ, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली.

भरवायची रीत

लकव्याच्या रुग्णाला आडवं ठेवून पाजू नका. बसवून, मान किंचित पुढे, लहान चमचा, आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. खाताना ठसका लागतो, आवाज ओला-घरघरीत होतो, तर पातळ पेय बंद करा, घट्ट खिरीसारखं करा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. पण उतरत्या पाठीने खाली घसरलं तर माकडहाडावरची कातडी घासते, म्हणून गुडघ्याखाली उशी द्या आणि नंतर परत कुशीवर.

नाकातून नळी असेल तर डोक्याकडची बाजू उंच ठेवून एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी, सावकाश. पेय दोनदा गाळा, फुटाण्याचं पीठ नळीत बसतं. आधी आणि नंतर ३० मिली उकळून गार केलेलं पाणी. केलेलं पेय बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात ते त्याआधीही नासतं.

दुखत असताना कोणी जेवत नाही. ड्रेसिंग जेवणाच्या तोंडावर करू नका. तोंड आलंय का, जिभेवर पांढरा थर आहे का ते पाहा. तीन मोठी जेवणं होत नसतील तर सहा लहान. आणि कवळी सैल झाली असेल तर काढून ठेवा, सगळं मऊ करा. ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून फल्लीदाण्याच्या कुटासह दिल्या तर बहुतेकांना जातात.

जखम मोजा

दर आठवड्याला एकाच वारी लांबी आणि रुंदी कागदी पट्टीने मोजा, शेजारी पट्टी ठेवूनच मोबाईलवर फोटो काढा, आणि त्याच वहीत वजन व त्या दिवशीचे प्रथिनांचे ग्रॅम लिहा. दोन ते चार आठवड्यांत माप कमी व्हायला लागलं पाहिजे, तळ लालसर आणि ओलसर दिसला पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम पूर्ण भरायला महिने लागतात. दोन आठवडे माप हललं नाही तर डबा बदलण्याआधी कूस बदलण्याचा आणि ताटाचा हिशोब पुन्हा तपासा, आणि वही घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा.

ताप, घाण वास, भोवती पसरणारी लाली, काळं पडलेलं मांस, आत दिसणारं हाड, एकाएकी आलेली गुंगी किंवा बरळणं, यातलं काहीही दिसलं तर वहीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. संसर्ग खाण्याने बरा होत नाही.

जखम बुजली की पुडी आणि झिंक बंद. अंडी, घट्ट वरण आणि निदान एक वेळचं पेय चालू ठेवा, कारण भरून आलेली कातडी मूळच्या इतकी मजबूत कधीच होत नाही आणि त्याच जागी ती पुन्हा फुटू शकते. कूस बदलण्याचं वेळापत्रकही खाटेवर असेपर्यंत तसंच.